अकरावीचे गणित आणि साधी वजाबाकी

दहावीला गणितात चांगले गुण मिळाले की घरचे, शेजारचे, सगळे एकच सांगतात, "सायन्सला जा." मीही गेले. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्या मुलांना अकरावीत दोन गोष्टी एकदम भेटतात: इंग्रजी पुस्तक आणि नवे गणित. पहिल्या चाचणीत मला गणितात २५ पैकी ६ गुण मिळाले.

अभ्यास केला नव्हता असे मुळीच नाही. त्रिकोणमितीची सूत्रे एका पुठ्ठ्यावर लिहून तो मी टेबलासमोरच्या भिंतीवर टांगला होता. चाळीसएक सूत्रे असतील. सकाळी उठल्यावर ती म्हणायची, रात्री झोपताना पुन्हा म्हणायची. पण प्रश्न जरा वाकडा आला की कोणते सूत्र कोठे लावायचे तेच सुचत नसे. शेवटी "गणित सोडते आणि त्याऐवजी भूगोल घेते" असे मी घरी सांगून टाकले. तसा अर्जही लिहिला.

आता मी बारावीत आहे आणि गणित सोडलेले नाही. मधल्या काळात काय घडले, ते या लेखात सांगणार आहे. अकरावीच्या गणितापाशी अडखळलेली मी एकटीच नव्हते, हे मला पुढे कळले. त्यांतल्या कोणाला तरी याचा उपयोग होईल असे वाटते.

अडत कोठे होते?

आज मागे वळून पाहिले तर माझ्या दोन अडचणी स्पष्ट दिसतात.

पहिली अडचण साइनची. दहावीत आम्ही शिकलो होतो की काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन. अकरावीच्या पुस्तकात एकाएकी साइन २१०° आले. काटकोन त्रिकोणात २१० अंशांचा कोन बसणार कसा? त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीजच मुळी १८० अंश! हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. सगळ्यांना कळले आहे आणि आपल्यालाच कळले नाही, या भीतीने गप्प बसले.

दुसरी अडचण फंक्शन या शब्दाची. आमच्या घरी फंक्शन म्हणजे बारसे नाहीतर साखरपुडा. गणितातले फंक्शन काय करते ते कळेना. मराठीत त्याला फलन म्हणतात. त्याची व्याख्या मला पाठ होती, अर्थ मात्र लागत नव्हता.

अमेरिकेतल्या शाळांत गणिताच्या या भागाला प्री-कॅल्क्युलस, म्हणजे कलनाच्या आधीचे गणित, असे स्वतंत्र नाव आहे. आपल्याकडे तो दहावी-अकरावीच्या पुस्तकांत विखुरलेला असतो. त्रिकोणमिती, रेषा, वर्तुळ, श्रेढी, लॉगरिथम, फलन अशी एकेक प्रकरणे वेगळी आणि प्रत्येकाची सूत्रे वेगळी. ही सगळी एकाच घरची माणसे आहेत हे मला कोणी सांगितले नव्हते. कदाचित सांगितलेही असेल, मला ऐकू आले नसेल.

अर्ज घेऊन मी सरांकडे सही मागायला गेले. सरांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, "वजाबाकी येते ना गं तुला?"

मला रागच आला. "येते, सर," मी म्हणाले.

"मग आठ दिवस नुसती वजाबाकी कर. मी सांगतो त्या संख्यांची. नंतरही सोडावेसे वाटले तर सही देईन."

पहिली यादी: वर्ग

सरांनी पहिल्यांदा वर्गसंख्या लिहून दिल्या. शेजारच्या दोन संख्यांतला फरक त्यांच्याखाली लिहायचा आणि मग त्या फरकांतला फरक त्याच्याखाली.

वर्ग: ०, १, ४, ९, १६, २५, ३६
फरक: १, ३, ५, ७, ९, ११
फरकांचे फरक: २, २, २, २, २

फरक म्हणजे विषम संख्या आणि त्यांचे फरक सगळे सारखे! आणखी एकदा वजाबाकी केली तर शून्यच उरणार. मग घनसंख्या घेतल्या.

घन: ०, १, ८, २७, ६४, १२५, २१६
फरक: १, ७, १९, ३७, ६१, ९१
दुसरे फरक: ६, १२, १८, २४, ३०
तिसरे फरक: ६, ६, ६, ६

वर्गांना दोन पायऱ्या लागल्या, घनांना तीन. पण अखेरीस दोघेही एका स्थिर संख्येवर येऊन थांबले.

"याचा उपयोग काय?" असे मी विचारले तेव्हा सरांनी पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडायला लावले. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून पाहिले होते. स्थिर अवस्थेतून सुटलेला गोळा सारख्या कालखंडांत जी अंतरे तोडतो ती १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात असतात, हे त्याने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. माझ्या वहीतली दुसरी ओळ तीच होती! पहिली ओळ म्हणजे एकूण अंतर, दुसरी म्हणजे एकेका कालखंडात तोडलेले अंतर, म्हणजेच वेगाचा अंदाज, आणि तिसरी ओळ म्हणजे वेगात पडणारी भर, म्हणजेच त्वरण. तिसऱ्या ओळीतली संख्या स्थिर आहे, कारण गुरुत्वाकर्षणामुळे वेगात पडणारी भर दर वेळी सारखीच असते.

फलन म्हणजे काय ते मला या वहीत कळले. एसटीच्या प्रवासात टप्पे किती ते ठरले की भाडे ठरते. तितक्याच टप्प्यांना, त्याच गाडीत, कधी हे भाडे तर कधी ते, असे होत नाही. तसेच क्ष दिला की त्याचा वर्ग ठरतो, वेळ दिली की गोळ्याने तोडलेले अंतर ठरते. एक संख्या दिली असता दुसरी नेमकी ठरवून देणारा नियम म्हणजे फलन. आणि वजाबाकीच्या ओळी सांगतात की पहिली संख्या एकाने वाढली तर दुसरी किती हलते.

दुसरी यादी: दुप्पट

मूळ संख्या: १, २, ४, ८, १६, ३२, ६४
फरक: १, २, ४, ८, १६, ३२

येथे मी चक्रावले. फरकांच्या ओळीत मूळचीच ओळ पुन्हा आली. तिचे फरक घेतले तर परत तीच. ही वजाबाकी कितीही वेळा करा, संपणारच नाही. तिपटीची यादी करून पाहिली: १, ३, ९, २७, ८१. फरक आले २, ६, १८, ५४. म्हणजे मूळ ओळीच्या बरोबर दुप्पट. येथेही मूळ ओळच वेष बदलून आली होती.

मग आठवले, हे तर सातवी-आठवीतले चक्रवाढ व्याज! द. सा. द. शे. १० दराने १०० रुपये ठेवले तर दर वर्षाची रास १००, ११०, १२१, १३३.१० अशी होते. फरक १०, ११, १२.१०. दर वर्षीची वाढ त्या वर्षीच्या आरंभीच्या राशीचा दहावा भाग. जिथे जिथे वाढ ही आहे त्या साठ्याच्या प्रमाणात होते, तिथे तिथे घातांकी फलन असते. अन्न भरपूर असेतो जिवाणूंची संख्या याच रीतीने वाढते. किरणोत्सर्गी पदार्थ याच रीतीने घटतो, फक्त तेथे फरक ऋण असतो.

वर्ग आणि दुप्पट यांच्या वाढीतला भेद मला आधीही माहीत होता, पण तो "एक हळू वाढतो, दुसरा झपाट्याने" इतकाच. दोघांच्या वाढण्याचे कारणच वेगळे आहे, हे वजाबाकीने दाखवले.

तिसरी यादी: लॉग टेबल

प्रयोगशाळेत आकडेमोडीसाठी आम्ही लॉग टेबल वापरतो. त्याच्या प्रत्येक पानावर उजवीकडे फरकांचे बारीक रकाने असतात. मी ते शेकडो वेळा वापरले होते, पण वाचले कधीच नव्हते. सरांनी ते वाचायला सांगितले. वरच्या ओळींत फरक मोठे असतात आणि खाली खाली जावे तसे ते लहान होत जातात. असे का?

मी वहीत लिहिले: लॉग १० = १, लॉग ११ = १.०४१४. फरक ०.०४१४. पुढे लॉग १०० = २, लॉग १०१ = २.००४३. फरक ०.००४३. संख्या दसपट झाली तेव्हा फरक सुमारे एक दशांश झाला. म्हणजे लॉगची वाढ ही संख्येच्या व्यस्त प्रमाणात मंदावत जाते.

मग १, २, ४, ८, १६ यांचे लॉग घेतले: ०, ०.३०१, ०.६०२, ०.९०३, १.२०४. फरक सगळीकडे ०.३०१! दुपटीच्या यादीत जो फरक कधी स्थिर होत नव्हता, तो लॉग घेताच पहिल्याच पायरीला स्थिर झाला. गुणाकाराची बेरीज करून टाकणे हेच लॉगचे काम. जॉन नेपियरने १६१४ साली आपली कोष्टके प्रसिद्ध केली ती ज्योतिषगणितातले प्रचंड गुणाकार सोपे व्हावेत म्हणून. लॉगची सूत्रे मी पाठ केली होती, पण ती ज्या गरजेतून निघाली ती गरज मला ठाऊक नव्हती. प्रश्न माहीत नसताना मी उत्तरे पाठ करत होते.

चौथी यादी: जत्रेतला पाळणा

शेवटी माझी वैरीण आली, साइन. पण सरांनी तिला जुन्या नावाने हाक मारली: ज्या.

ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य, आणि त्याची दोन टोके जोडणारी रेषा ही ज्या. आपल्या जुन्या गणितींनी पूर्ण दोरीऐवजी तिचा अर्धा भाग, म्हणजे अर्धज्या, वापरायला सुरुवात केली. बोलताना तिलाच नुसते ज्या किंवा जीवा म्हणू लागले. अरबी पंडितांनी तो शब्द जीबा असा घेतला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून पुढे तो जैब असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राचा घोळ. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर करताना त्याच अर्थाचा सायनस हा शब्द आला आणि त्यावरून साइन. मी ज्या परक्या शब्दाला भीत होते तो मुळात आपल्याच भाषांच्या माहेरचा निघाला.

अर्धज्या म्हटल्याबरोबर २१० अंशांचे कोडे सुटले. जत्रेतला उभा फिरणारा मोठा पाळणा आठवा. तुमची बैठक आसाच्या पातळीत उजवीकडे असताना मोजायला सुरुवात करा. पाळणा ३० अंश फिरला की तुम्ही आसापासून त्रिज्येच्या निम्म्याइतके वर असता. ९० अंशांना अगदी वर. १५० अंशांना पुन्हा निम्म्यावर, पण डाव्या बाजूला. १८० अंशांना आसाच्या पातळीत. आणि २१० अंशांना? आसाच्या खाली, त्रिज्येच्या निम्म्याइतके. म्हणून साइन २१०° = −१/२. काटकोन त्रिकोण हे या चक्राचे एका चतुर्थांशातले चित्र. बाकीचे तीन चतुर्थांश दहावीत दाखवलेले नव्हते, एवढेच.

मग सरांनी आर्यभटाचे कोष्टक दिले. आर्यभटीय हा ग्रंथ इ. स. ४९९ च्या सुमाराचा. त्यात ० ते ९० अंशांचे २४ समान भाग केले आहेत. एकेक भाग ३ अंश ४५ कलांचा, म्हणजे २२५ कलांचा. त्रिज्या धरली आहे ३४३८. ही विचित्र संख्या कोठून आली? पूर्ण वर्तुळात ३६० अंश, म्हणजे २१,६०० कला. परीघ २१,६०० धरा आणि त्याला २ × ३.१४१६ ने भागा. उत्तर येते जवळजवळ ३४३८. म्हणजे कंस आणि त्रिज्या दोन्ही एकाच मापाने मोजली आहेत. आमच्या पुस्तकातल्या पहिल्याच प्रकरणात रेडियन आले होते तेव्हा "अंश असताना हे कशाला?" असे मला वाटले होते. त्याचे उत्तर येथे होते.

या मापात पहिली अर्धज्या येते २२५. कंस २२५ आणि अर्धज्याही २२५! लहान कोनात धनुष्य आणि दोरी यांत जवळजवळ फरकच राहत नाही. पुढच्या अर्धज्या ४४९, ६७१, ८९० अशा आहेत, कंस मात्र ४५०, ६७५, ९००. धनुष्य हळूहळू दोरीपासून सुटत जाते. सीमा या प्रकरणात "क्ष शून्याकडे जात असता साइन क्ष भागिले क्ष ही राशी १ कडे जाते" हा सिद्धांत आला, तेव्हा मला हे कोष्टक आठवले.

सर्वांत मोठे आश्चर्य पुढेच होते. आर्यभटाने आपल्या श्लोकात अर्धज्या दिलेल्याच नाहीत. त्याने दिले आहेत त्यांचे फरक! ते असे आहेत:

२२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९, १९१, १८३, १७४, १६४, १५४, १४३, १३१, ११९, १०६, ९३, ७९, ६५, ५१, ३७, २२, ७

वाचकांनी ही बेरीज जरूर करून पाहावी. पहिल्या आठ फरकांची बेरीज १७१९ येते. आठ भाग म्हणजे ३० अंश, आणि १७१९ म्हणजे ३४३८ च्या बरोबर निम्मे. सगळ्या २४ फरकांची बेरीज ३४३८. साइन ९०° = १.

आता हे फरक पाळण्यात बसून वाचा. आसाच्या पातळीत असताना तुम्ही भराभर वर चढता, २२५ ने. माथ्याजवळ पोहोचता तेव्हा चढणे जवळजवळ थांबते, फक्त ७ ने. पाळणा एकाच वेगाने फिरतो आहे, तरीही वर जाण्याचा वेग सारखा बदलतो आहे.

मी या फरकांचीही वजाबाकी केली. ते आरंभी १, २, ३, ४ असे घटत होते, ३० अंशांजवळ ८ ने, आणि माथ्याजवळ १५ ने. उंची निम्मी होती तेथे घट सुमारे निम्मी, आणि उंची पूर्ण होती तेथे घटही पूर्ण. म्हणजे दोनदा वजाबाकी केल्यावर मूळची अर्धज्याच परत आली होती, फक्त लहान होऊन आणि उलट्या चिन्हाने! हा नियम आर्यभटालाही ठाऊक होता. अशा फरकांवरून कोष्टक बांधण्याची रीत त्याने दिली आहे. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांत केरळातल्या माधवाने आणि त्याच्या परंपरेने अर्धज्येसाठी अनंत श्रेढी शोधली.

लंबकाचा झोका आणि ताणून सोडलेली स्प्रिंग यांतही हेच घडते. जितके दूर जावे तितकी मागे ओढ जास्त. म्हणून त्यांचे आलेखही साइनचेच निघतात.

तीन घराणी

आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. अखेर माझ्या वहीत तीन घराणी उभी राहिली. वर्ग, घन अशा बहुपदींची वजाबाकी करत गेले की ती संपते. घातांकी फलनाची केली की तेच परत येते. साइनची दोनदा केली की ती उलटी होऊन येते, आणि चारदा केली की चिन्हही पूर्ववत होते. लॉग हे घातांकी फलनाचेच उलट टोक. पुस्तकात मला जी सुटी सुटी प्रकरणे दिसत होती ती सगळी एकाच प्रश्नाभोवती बसवलेली आहेत: ही गोष्ट बदलते कशी?

वजाबाकीचे पाऊल १ चे किंवा २२५ कलांचे न ठेवता ते लहान लहान करत नेले तर काय होईल, हा पुढचा प्रश्न कलनाचा. बारावीत तो शिकताना मला परक्या गावी आल्यासारखे वाटले नाही.

खोटे कशाला सांगू? या वजाबाकीने सगळे गणित सुटले नाही. निश्चयकांचा सराव मला घासूनच करावा लागला, आणि सूत्रे मी अजूनही विसरते. पुढच्या चाचणीत साइन (१८०° + थीटा) चे सूत्र ऐनवेळी आठवले नाही. पण या वेळी मी घाबरले नाही. समासात वर्तुळ काढले. १८० अंश पुढे गेले की बैठक बरोबर समोरच्या टोकाला, जितकी वर होती तितकीच खाली. उत्तर आले उणे साइन थीटा. त्या चाचणीत २५ पैकी १७ गुण मिळाले. भिंतीवरचा पुठ्ठा मी काढलेला नाही. फरक इतकाच की त्यावरच्या प्रत्येक सूत्रामागचा प्रश्न आता मला माहीत आहे. सरांच्या खिशातला अर्ज मात्र मी परत मागितला नाही.

शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. अकरावीच्या आरंभी एक तास वजाबाकीला द्यावा. त्याला फळा आणि खडू पुरतो. आणि "साइन २१०° कसे असेल?" हा प्रश्न वर्गात कोणीच विचारला नाही, तर तो आपणच विचारावा. मागच्या बाकावर कोणीतरी त्याची वाट पाहत असते.

विद्यार्थिमित्रांना एक उदाहरण देऊन थांबते. वर्गांच्या वजाबाकीत शेवटी २ आले, म्हणजे १ × २. घनांच्या वजाबाकीत ६ आले, म्हणजे १ × २ × ३. आता ०, १, १६, ८१, २५६, ६२५, १२९६ या चतुर्थ घातांच्या यादीत शेवटी काय येईल, याचा आधी अंदाज करा. मग कागद घ्या आणि वजाबाकी करून पाहा. उत्तर येथे लिहीत नाही. ते तुमचे तुम्हांलाच मिळाले पाहिजे.